ऑगस्टमधलं एपिरस: डोंगरगावची पानियिरी, क्लारिनो आणि दगडातली कला

रानजाई

ग्रीसच्या सहलींचे धागे इथे बरेच आहेत, पण बहुतेक अथेन्स आणि बेटांचे. मला वायव्येकडच्या एपिरस प्रांताबद्दल लिहायचंय, त्यातही झागोरीबद्दल. पिंडस पर्वतात वसलेली ही ४६ गावं. समुद्र नाही, पांढरी-निळी घरं नाहीत. भिंती दगडी, छपरंही दगडी पाट्यांची, आणि गावांच्या मधून गेलेली वीकोसची खोल घळ. २०२३ मध्ये युनेस्कोने झागोरीला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून हे नाव जरा कानावर पडू लागलंय. आम्ही म्युनिकला राहतो आणि उन्हाळ्याची सुट्टी इथल्याच एका गावात काढतो. ओढ गाण्याची.

हिवाळ्यात या गावांत मोजकी म्हातारी माणसं उरतात. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं पोटासाठी बाहेर गेली. आधी बाल्कन देशांत आणि कॉन्स्टँटिनोपलला, पुढे अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियात. ऑगस्ट लागला की आपले चाकरमानी गणपतीला कोकणात उतरतात तशी ही सगळी मंडळी गावाकडे येतात. वर्षभर बंद असलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात, अंगणं धुतली जातात, आणि मग पानियिरी होते. पानियिरी म्हणजे गावच्या देवाची जत्रा. प्रत्येक चर्चच्या संताचा दिवस ठरलेला. २० जुलैला प्रेषित एलियासचा, त्याची देवळं बहुधा टेकडीच्या माथ्यावर. २६ जुलैला आगिया पारास्केवीचा. आणि सगळ्यांत मोठा १५ ऑगस्ट, मेरीमातेच्या महानिर्वाणाचा. १ ते १४ ऑगस्ट भाविकांचा उपवास असतो. १४ च्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना, १५ ला सकाळी मोठी पूजा, मंतरलेल्या पावाचे तुकडे सर्वांना वाटले जातात. नंतर चौकात टेबलं मांडतात.

चौकात बहुतेक ठिकाणी एक जुना चिनार असतो. काश्मिरात पाहतो तोच वृक्ष. त्याच्याखाली वादक बसतात. क्लारिनो, म्हणजे क्लॅरिनेट, हे मुख्य वाद्य. सोबत व्हायोलिन, लाउतो नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य आणि देफी ही डफली. या चौघांच्या ताफ्याला इथे कोंपानिया म्हणतात. ताफे बहुतेक घराण्यांतून चालत आलेले, बाप-मुलगा-नातू असे. त्यांतली बरीच घराणी रोमा समाजातली आहेत. या समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. एपिरसच्या संगीतावर त्यांचं ऋण फार मोठं आहे, आणि गावकऱ्यांनी ते उघडपणे मानायला हवं तितकं मानलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते. जत्रेची रात्र नाचाच्या गाण्याने सुरू होत नाही, मिरोलोयीने होते. मिरोलोयी म्हणजे मृतांसाठीचा विलाप. शब्द नाहीत, फक्त वाद्यं. व्हायोलिन खाली एक स्वर धरून ठेवतं आणि क्लारिनो त्या स्वरापासून सुटून वर जातं, घसरत खाली येतं, पुन्हा जातं. या वर्षात जे गेले आणि जे परदेशातून येऊ शकले नाहीत, त्यांना आधी आठवायचं. टेबलांवरचं बोलणं आपोआप थांबतं. शेजारची बाई डोळे पुसते आणि पाचच मिनिटांनी तीच बाई नाचाच्या रिंगणात असते. आधी शोक, मग नाच, हा क्रम कोणी चुकवत नाही.

मिरोलोयीनंतर टेबलावर बसून म्हणायची संथ गाणी, पुष्कळशी परदेशी गेलेल्यांच्या आठवणीची. मग नाच. पोगोनीसिओस, स्ता त्रिआ, झागोरीसिओस. झागोरीसिओस पाच मात्रांचा आहे. वादक मध्ये आणि रिंगण त्यांच्याभोवती, उजवीकडे सरकत. पहाटे कधीतरी क्लारिनोवाला स्कारोस लावतो. मेंढपाळ रात्री मेंढ्या चरायला नेत तेव्हा वाजवायची ही धून. ताल सोडून दिलेला, श्वास लांब.

इथे तिकीट नसतं. एखादं कुटुंब उठतं, आपलं गाणं सांगतं, घरातला मोठा माणूस रिंगणाच्या डोक्याला उभा राहतो आणि नाचता-नाचता वादकांना नोटा देतो. कधी नोट क्लारिनोवाल्याच्या कपाळाला चिकटवतात. ती ताफ्याची कमाई. त्या बदल्यात वादक त्या माणसाच्या पावलांकडे बघून वाजवतो. पाऊल रेंगाळलं की स्वर रेंगाळतो. मी शास्त्रीय गायनाच्या बैठका लहानपणापासून ऐकत आले आहे, पण ऐकणाऱ्याच्या शरीराकडे इतकं बारीक लक्ष देऊन केलेलं वादन मला दुसरीकडे मिळालं नाही.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची असतील तर आलेक्सिस झुंबास या व्हायोलिनवादकाचं नाव शोधा. योआनिना शहराजवळच्या ग्रामेनो गावचा हा माणूस अमेरिकेत गेला, १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने एपिरसचं मिरोलोयी मुद्रित केलं आणि १९४६ मध्ये डेट्रॉइटमध्ये वारला. गावाकडे परतणं त्याच्या नशिबात नव्हतं, आणि ते त्या तीन-चार मिनिटांत ऐकू येतं. क्लारिनोसाठी पेत्रोलुकास हाल्कियास ऐका. १९३४ मध्ये देल्विनाकी गावात जन्मलेले, एपिरसच्या क्लारिनोची ओळख जगाला ज्यांनी करून दिली त्यांपैकी एक.

कलेबद्दल थोडं. या भागातले गवंडी टोळ्या करून दूरदूरच्या मुलखात बांधकामाला जात. कोनित्साच्या आसपासची गवंड्यांची गावंच होती, आणि आपापसांत बोलायला त्यांची एक गुप्त बोली होती. कीपी गावाजवळचे कमानीचे पूल म्हणजे त्यांच्यासारख्यांच्या हातची करामत. तीन कमानींचा प्लाकिदास पूल सकाळच्या उन्हात पाहावा. हियोनियादेस हे चित्रकारांचं गाव. तिथली माणसं चर्चच्या भिंती रंगवत तशीच श्रीमंतांच्या घरांचे दिवाणखानेही. झागोरीतल्या कापेसोवो गावातही चित्रकारांची अशीच परंपरा होती. चर्च कुलूपबंद असतं. चावी कोणाकडे आहे हे कॉफीच्या दुकानात विचारायचं. चावीवाली आजी स्वतः येते आणि प्रत्येक संताची ओळख करून देते. योआनिना शहर चांदीकामाचं. किल्ल्यातलं चांदीकामाचं संग्रहालय अवश्य पाहा, कारागिरीचे टप्पे तिथे नीट मांडले आहेत.

माझं सांगणं इतकंच आहे की एका गावात राहा. दहा गावं, दहा पूल, दहा जत्रा असं करू नका. जत्रेच्या आठवडाभर आधी जा, पाववाल्याला आणि कॉफीवाल्याला तुमचं तोंड ओळखीचं होऊ द्या. मग १५ च्या रात्री कोणीतरी हात धरून तुम्हाला रिंगणात घेईल, आणि ते संगीत बाहेरून ऐकणं आणि आतून ऐकणं यांतला फरक कळेल.

प्रश्न असतील तर विचारा. बेटांवरच्या जत्रा अनुभवलेल्यांनी जरूर लिहा, ते माझं क्षेत्र नाही.

सप्तकवेडा

वाचता-वाचता झुंबास ऐकला. थांबलोच. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रे आणि ध कुठेच नाहीत. स्वर धानी रागाचे! हा योगायोग की सगळंच संगीत असं असतं? आणि खालचा धरलेला स्वर आपल्या तंबोऱ्यासारखा पूर्ण वेळ असतो का?

रानजाई

@सप्तकवेडा, बरोबर ओळखलंत. एपिरसच्या जुन्या संगीताचा पाया हीच पाच स्वरांची मालिका आहे, अर्धस्वराचं अंतर नसलेली. ग्रीसच्या बाकी भागांत असं नाही; बेटांवर किंवा आशिया मायनरहून आलेल्या संगीतात कितीतरी निरनिराळे स्वरसमूह भेटतात. पण याला धानी म्हणू नये. चलन वेगळं, न्यासाच्या, म्हणजे थांबण्याच्या, जागा वेगळ्या, आणि वरून खाली येतानाची घसरण हाच त्यांच्याकडे भावाचा मुख्य भाग.

धरलेल्या स्वराचं सर्वांत सुंदर रूप त्यांच्या समूहगायनात आहे. अल्बानियाच्या सीमेलगतच्या पोगोनी भागात वाद्यांशिवाय गातात. एकजण गाणं उचलतो, दुसरा त्याला वळवतो, तिसरा खालच्या आणि वरच्या आवाजात झुलत राहतो, आणि बाकीचे सगळे एकच आधारस्वर धरून बसतात. आधारस्वर धरणाऱ्यांना इसोक्रातेस म्हणतात. हे गाणं जतन करण्यासाठी चाललेल्या कामाची युनेस्कोने २०२० मध्ये चांगल्या जतनकार्यांच्या यादीत नोंद घेतली. आपल्या तंबोऱ्याची जागा तिथे चार-पाच माणसांचे गळे घेतात. गाणारा चुकला तरी ते त्याला सोडत नाहीत.

सप्तकवेडा

फार छान समजावलंत. तालाचं एक भर म्हणून: ग्रीसभर नाचला जाणारा कालामातियानोस सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. आपला रूपक! मात्र रूपकात पहिल्या मात्रेवर 'खाली', म्हणजे बिनभराची जागा, असते, तबल्याचा डावा गप्प असतो. कालामातियानोसमध्ये पहिल्या तिनावरच पावलाचा भर. तबलावाल्या मित्राला ऐकवलं तर तो म्हणाला, विभाग तेच पण वजन उलटं. तो आता दिवसभर तेच वाजवत बसलाय.

गोदाकाठ

धागा आवडला. आम्ही दोघं निवृत्त, नाशिकचे, मुलीकडे नेदरलँड्सला जाणार आहोत आणि पुढे ग्रीसचा विचार आहे. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. जत्रेत बोकड आणि मेंढी हेच असतं असं वाचलं. निभेल का?

रानजाई

@गोदाकाठ काका, उलट १४ ऑगस्टपर्यंतचे दिवस तुम्हाला सोयीचे. उपवासात मांस, दूध, अंडी सगळंच वर्ज्य, त्यामुळे खानावळींत तसे पदार्थ मुद्दाम केलेले असतात. 'निस्तीसिमो' हा एक शब्द लक्षात ठेवा, उपवासाला चालणारं असा त्याचा अर्थ. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यीगांतेस, भाताने भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, उकडलेली रानभाजी होर्ता, पालेभाजी भरून भाजलेली होर्तोपिता. एक सावधगिरी मात्र हवी. उपवासाला कालवं, कोळंबी, माखळी चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं मानतात. म्हणून निस्तीसिमो म्हटल्यावर 'समुद्रातलंही काही नको' हे वेगळं सांगायचं. झागोरीची प्रसिद्ध आलेवरोपिता, म्हणजे पातळ पिठात चीज घालून भाजलेला पदार्थ, त्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या. जत्रेच्या रात्री मांसाचाच घमघमाट असतो, पण टेबलावर पाव, टोमॅटो-काकडी, चीज, कलिंगड असतंच आणि तुम्ही काय खाता यावर कोणी काही म्हणत नाही. लवकर झोपायची सवय असेल तर १४ आणि १५ च्या दुपारी झोप काढा. दुपारी दोन ते पाच सगळं गाव झोपलेलं असतं, तेव्हा आवाज न करणं हा तिथला शिष्टाचारही आहे.

नखाग्र

मी सारंगी शिकतो, त्यामुळे क्रीट बेटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. क्रीटची लीरा मांडीवर उभी धरून गजाने वाजवतात, तारा तीन, आणि तार वरून दाबत नाहीत, नखाने बाजूने टेकतात. सारंगीवाला हे पाहून जागच्या जागी उभा राहतो! डाव्या हाताच्या बोटांकडे तासभर बघत बसलो होतो.

इराक्लिओन शहरापासून दक्षिणेला हौदेत्सी नावाचं गाव आहे. रॉस डेली या संगीतकाराने १९८२ मध्ये स्थापन केलेली 'लॅबिरिंथ' ही संगीतशाळा २००२ मध्ये तिथे आली. डेली जन्माने इंग्लंडचे, मूळ आयरिश. क्रीटमध्ये कोस्तास मुंडाकिस या मोठ्या लीरावादकाकडे शिकले आणि भारतीय संगीताचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांनी १९९० मध्ये लीरेला तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून नवं वाद्य घडवून घेतलं, सारंगीवरून सुचलेलं, घोडी आपल्या जवारीच्या पद्धतीची. उन्हाळ्यात तिथे निरनिराळ्या देशांच्या वाद्यांच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. जायचं ठरवलं तर त्या वर्षीचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहावं.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानासमोर कोणी लीरा काढली की गावातले म्हातारे माडिनादा म्हणू लागतात. माडिनादा म्हणजे पंधरा अक्षरांच्या दोन ओळी, यमक साधलेल्या, तिथल्या तिथे रचलेल्या. एकाने टाकली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आणि कोणाला शक्य असेल त्याने प्सिलोरीतिस डोंगरातल्या आनोयिया गावी जावं. गायक आणि लीरावादक नीकोस क्सिलुरिस तिथला. १९८० मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला, पण त्याचा आवाज आजही क्रीटच्या प्रत्येक घरात आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हे गाव बेचिराख केलं होतं. पुन्हा उभं राहिलेल्या या गावात आजही बायका मागावर विणतात आणि पुरुष लीरा वाजवतात.

दळणओवी

@नखाग्र, माडिनादांबद्दल वाचून मी कार्पाथोस बेटाची भर घालते. बेटाच्या उत्तरेला डोंगराच्या धारेवर ओलिंबोस गाव आहे. १५ ऑगस्टला तिथे पुरुष आधी एका लांब टेबलाभोवती बसतात, मध्ये लीरा, लाउतो आणि त्सांबुना, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची मशकवाली पुंगी. कोणीतरी दोन ओळी रचतो: गेलेल्या भावाबद्दल, अमेरिकेतल्या मुलाबद्दल, कधी समोर बसलेल्या सोयऱ्याला उद्देशून. बाकीचे ती ओळ उचलून धरतात. मोठमोठे पुरुष सगळ्यांसमोर रडतात आणि ते कमीपणाचं मानत नाहीत. तासन्‌तास हे चालतं, मग रात्री उशिरा नाच. मुली भरतकामाचा पारंपरिक वेश आणि गळ्यात सोन्याच्या नाण्यांच्या माळा घालून रिंगणात येतात.

मी जात्यावरच्या ओव्यांवर काम केलंय. आपल्याकडे पहाटे जात्याशी बसलेली बाई जे एकटीने किंवा जावेसोबत गायची, भाऊ, माहेर, गेलेलं मूल, तेच विषय ओलिंबोसचे पुरुष भर चौकात गातात. आपल्या ओव्या एक लाखाहून जास्त संख्येने गोळा झाल्या, त्या जपल्या गेल्या, पण जातं गेलं तसं गाणं थांबलं. ओलिंबोसला गाण्याचा प्रसंग टिकला म्हणून गाणं टिकलं. मला तिथे बसून हेच सतत डोक्यात येत होतं.

शिल्पवेल

कलेकडचा कोपरा रिकामा दिसतोय म्हणून लिहितो. तीनोस बेटावर जा, पिर्गोस गावात. हे संगमरवराचं गाव आहे. दारांवरच्या अर्धगोल झरोक्यांत कोरलेली गलबतं, सुरूची झाडं, पक्षी. नळाचं तोंड संगमरवराचं, बसथांब्यालाही संगमरवर. १९५० च्या दशकापासून इथे संगमरवर कोरायला शिकवणारी सरकारी शाळा आहे, आणि अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या डागडुजीत इथे तयार झालेले कारागीर काम करत आले आहेत. तीनोसच्या या कारागिरीला युनेस्कोने २०१५ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. गावातलं संगमरवर कारागिरीचं संग्रहालय तर इतकं विचारपूर्वक केलंय की दगड खाणीतून कसा सुटा करतात, खाली कसा आणतात, अवजारं कोणती, सगळं हाताला लागल्यासारखं कळतं.

यानुलिस हालेपास (१८५१–१९३८) याच गावचा. त्याची 'निद्रिस्त युवती' अथेन्सच्या पहिल्या दफनभूमीत एका तरुण मुलीच्या थडग्यावर आहे. ऐन उमेदीत त्याचं मन आजारी पडलं, बरीच वर्षं कोर्फूच्या मनोरुग्णालयात गेली, गावी परतल्यावर मेंढ्या राखल्या. आईला वाटायचं की शिल्पकलेनेच मुलाला वेड लावलं, म्हणून ती त्याने मातीत घडवलेलं मोडून टाकी. १९१६ मध्ये ती गेल्यावर साठी ओलांडलेल्या या माणसाने पुन्हा माती हातात घेतली, आणि पुढची वीस वर्षं जे केलं ते तरुणपणीच्या कामापेक्षा पूर्ण वेगळं, खडबडीत, थेट. त्याचं घर पाहायला खुलं आहे. लहान खोल्या आहेत. मी जे.जे.ला शिल्पकला शिकलो, पण घडवण्याची गरज म्हणजे काय हे मला त्या घरात समजलं.

सकाळी लवकर गल्ल्यांतून हिंडलात तर छिन्नीचा आवाज येतो. दार उघडं असेल तर 'कालिमेरा' म्हणून उभं राहा. बहुतेक जण आत बोलावतात.

अबोली

हिओस बेटावरचं पिर्गी विसरू नका! (नाव तीनोसच्या पिर्गोससारखंच, गाव वेगळं.) तिथली घरं बाहेरून चौकोन, त्रिकोण, वर्तुळांच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेली आहेत. गडद वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि चुना ओला असतानाच काट्याने खरवडून खालचा रंग बाहेर काढायचा. रंगवलेलं काहीच नाही, सगळं खरवडलेलं. सज्ज्यांवर लाल टोमॅटोच्या माळा टांगलेल्या. वारली आणि चित्रकथी शिकवते मी, त्यामुळे एकेका भिंतीपुढे खूप वेळ गेला. १५ ऑगस्टला त्या नक्षीदार घरांच्या मधल्या चौकात नाच असतो.

रोखठोक

सगळं सुंदर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. मी इकारिया बेटावर गेलो होतो. तिथल्या जत्रा आता इतक्या गाजल्या आहेत की १५ ऑगस्टला लांगादाच्या जत्रेला हजारो माणसं असतात. ध्वनिक्षेपकांच्या भिंती, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. व्हायोलिनवाल्याचा चेहरा दिसेना. गावाचं संगीत गावासाठी असतं हे मान्य. मग आपण तिथे जाऊन नेमकं काय करतो? आपल्यासारख्यांच्या गर्दीनेच ते बिघडतं ना?

दर्यावर्दी

@रोखठोक, इकारियात मी दर उन्हाळ्यात जातो, मर्चंट नेव्हीतल्या एका ग्रीक मित्राचं घर आहे. तुमचं निरीक्षण खरं आहे, पण एक गोष्ट सांगतो. इकारियात जत्रा गावच भरवतं. स्वयंपाक, वाढणं, दारू ओतणं सगळं गावकरी आळीपाळीने करतात. बोकड आणि वाइनच्या विक्रीतून जे उरतं त्यातून रस्ता, पाण्याची टाकी, चर्चची डागडुजी होते. म्हणून बाहेरचा माणूस त्यांना नकोसा नाही. त्याने टेबल घेऊन, जेवण मागवून, नीट पैसे देऊन बसावं इतकीच अपेक्षा. बाटलीबंद दारू बाहेरून आणून कोपऱ्यात नाचणाऱ्यांवर ते चिडतात, आणि ते योग्यच आहे.

लांगादा सोडून द्या. जुलैत आणि सप्टेंबरमध्येही बेटावर छोट्या देवळांच्या जत्रा असतात. पन्नास-साठ टेबलं, एक व्हायोलिन, एक लाउतो. मध्यरात्रीनंतर इकारियोतिकोस सुरू होतो तेव्हा खांद्यावर हात टाकून रांग आवळत जाते, वेग वाढत जातो, आणि शेजारी आजोबा आहे की सोळा वर्षांचा मुलगा हे कळेनासं होतं. राहेस भागातली दुकानं रात्री उघडी असतात, कारण गावाचा दिवसच रात्री असतो. संगीतकार मिकिस थेओदोराकिस तरुणपणी १९४७ मध्ये याच बेटावर राजकीय कैदी म्हणून हद्दपार होता. अशा अनेक हद्दपारांना बेटाने जेवू घातलं. पाहुण्याला रांगेत घेण्याची सवय तिथे जुनी आहे.

ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो आणि बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका.

रानजाई

@रोखठोक, प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मी त्यावर खूप विचार केलाय. डोंगरातही ध्वनिक्षेपक आले आहेत, काही ठिकाणी इतके मोठे की क्लारिनोची फुंकर ऐकूच येत नाही. मला ते आवडत नाही आणि गावातल्या अनेकांनाही नाही. पण २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेलेल्या दोन डोंगरगावांच्या १५ ऑगस्टच्या जत्रा बघा, व्लास्तीचा त्रानोस होरोस (मोठा नाच) आणि एपिरसमधल्या सिराकोची. व्लास्तीला वाद्यं नसतातच. गावकरी एकमेकांचे हात धरून स्वतः गातात आणि त्या गाण्यावर नाचतात. हे टिकलं कारण परतणाऱ्या मंडळींनी आपल्या मुलांना पावलं आणि शब्द शिकवले.

आपण काय करतो? ऐकतो, पैसे देतो, पावलं शिकतो आणि मोबाइल खिशात ठेवतो. मिरोलोयी चालू असताना चित्रीकरण करणं मला मयताच्या घरी फोटो काढण्याइतकं वाईट वाटतं. बाकी वेळीही वादकांना विचारून, थोडंसं.

अथेन्सवासी

गेली बरीच वर्षं इथे आहे, सासर ग्रीक, म्हणून रिंगणाचे नियम सांगते. नवख्यांना हे कोणी सांगत नाही आणि मग अवघडल्यासारखं होतं.

रिंगणाच्या डोक्याला कधीही जाऊ नका. ती जागा ज्याने गाणं सांगितलं त्याची आणि त्याच्या घरच्यांची असते. कधी-कधी एखादं कुटुंब एकट्यानेच नाचतं, तेव्हा उठू नका. टेबलावरचे बाकीचे बसून आहेत हे पाहिलं की कळतं. सर्वांसाठी नाच खुला झाला की शेपटाकडे जोडून घ्या, मधे दोघांचे हात सोडवून घुसू नका. शेवटच्या माणसाकडे बघून मान हलवा, तो हात पुढे करतो. शेजाऱ्याच्या पायाकडे नाही, पुढच्या दोघा-तिघांच्या खांद्यांकडे बघा. वजन कुठे जातंय ते खांद्यावर आधी दिसतं. स्ता त्रिआ सर्वांत सोपा, तिथून सुरुवात करा. आणि झेइबेकिकोस लागला तर तो एका माणसाचा नाच आहे, नऊ मात्रांचा. आपण बसून किंवा गुडघा टेकून टाळ्या द्यायच्या.

माझ्या सासूबाई म्हणतात, पाहुणा नाचला नाही तर यजमानाला वाटतं त्याला आमचं जेवण आवडलं नाही. तेव्हा गोदाकाठ काका-काकू, एक फेरी तरी घ्याच.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सौ. म्हणते, मंगळागौरीचे खेळ अजून पायात आहेत, तिला काळजी नाही. रानजाई, अथेन्सहून तुमच्या भागात कसं यायचं? गाडी चालवणं आता जमत नाही.

रानजाई

काका, अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून योआनिनाला थेट बस आहे, साधारण सहा तास. वाटेत रिओ-अंदिरिओचा समुद्रावरचा तारांनी तोललेला मोठा पूल लागतो, उजवीकडची खिडकी घ्या. विमानही आहे. योआनिनात दोन दिवस काढा: तळं, किल्ला, चांदीचं संग्रहालय. तिथून झागोरीला बस आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते, म्हणून टॅक्सी ठरवलेली बरी, अंतर फार नाही. गावातली घरं १५ ऑगस्टसाठी महिनोन्‌महिने आधी भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारा. शेंगेन व्हिसा मुलीकडच्या प्रवासासाठी काढालच, तोच चालतो, फक्त दिवस जास्तीचे मागून घ्या. रात्री डोंगरात गारवा असतो, काकूंना शाल हवी. आणि डांबरी रस्ता गावाबाहेर संपतो, पुढे दगडी फरसबंदी आहे, तेव्हा चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरची आणा.

कुठलं गाव घ्यायचं ते व्यक्तिगत निरोपात विचारा. तुमच्या गुडघ्यांना चढ किती झेपतो त्यावर सांगते.